खिडकीकडे पाठ

१

टमाटरची रोपं घरात वाढवली की लांबुडकी होतात. बाहेर वारा त्यांना हलवत राहतो, म्हणून बुंधा जाड होतो. घरात वारा कुठून आणायचा? मग आपणच रोज सकाळी शेंड्यांवरून तळहात फिरवायचा, इकडून तिकडे, आठ-दहा वेळा, लहान पोरांच्या डोक्यावरून फिरवतो तसा. हाताला तो हिरवा, कडवट वास लागतो आणि मग चहाच्या कपालाही येतो. मला तो वास आवडतो. म्हणजे आवडायचा.

मी प्रमोदिनी. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. घर नागपुरात, प्रतापनगरला, वर गच्ची आणि खाली तीन खोल्या. हे गेल्यापासून मी एकटीच. समोरच्या खोलीला पूर्वेची रुंद खिडकी आहे आणि तिच्याखाली सिमेंटचा कट्टा. संक्रांत झाल्यावर मी त्या कट्ट्यावर टमाटरची आठ रोपं ठेवली आणि खाली जमिनीवर तीन मोठ्या कुंड्यांत झुकिनी. झुकिनीचं बी कृषी प्रदर्शनातून उगाच आणलं होतं, पाकिटावरचं चित्र बघून. गच्चीवर ठेवायची सोय नाही, अंबाझरीकडून माकडं येतात आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त भूक असते.

रोप उजेडाकडे वाकतं. हे मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी आकृती काढून दाखवीन. म्हणून कुंडी रोज पाव फेरा फिरवायची, म्हणजे रोप सरळ वाढतं. हात फिरवायचा, कुंड्या फिरवायच्या, मग चहा. असा माझा नेम होता.

मार्च लागला आणि हर्षा आली. माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला दिलेली. सातवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या वेळी, पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिचा हात धरायलासुद्धा मी नव्हते. या वेळी मी जावयाला फोनवर सांगून टाकलं, अमोलराव, तिला इथं आणून सोडा, माझ्या डोळ्यासमोर राहू द्या. मला दुसरं काही नको होतं. हे बाळ हातात यावं, एवढंच.

तिला मी खिडकीसमोरची आतली खोली दिली. मधे दार आणि दाराला पडदा. कट्ट्यापाशी उभं राहिलं की पडद्याखालून तिच्या पलंगाचे पाय दिसायचे.

२

मनकर्णा आमच्याकडे भांडी-झाडू करते, अकरा वर्षं झाली. उमरेडकडची. टमाटरला ती भेद्रं म्हणते आणि झुकिनीला विलायती काकडी. माझ्या शेतीला हसणं हा तिचा हक्क आहे.

"बाजारात ढिगानं भेद्रे पडले हायेत मॅडम," ती म्हणायची, "अन् तुम्ही एकेका पानाले पाणी पाजून राहिल्या."

झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढं फळ आधीच असतं. मधमाशी काही बेल वाजवून घरात येणार नाही, म्हणून नर फूल तोडून त्याचा पराग आपणच मादीला लावायचा, सकाळी फूल उघडं आहे तोवर. होळीच्या दुसऱ्या दिवशी पहिलं मादी फूल उमललं. पिवळंधमक, माझ्या तळहाताएवढं. हर्षानं अमोलला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन धरून माझ्याजवळ उभी राहिली. मी पराग लावून घेतला आणि शिकवायला लागले. सवय जात नाही.

"अमोलराव, हे बघा," मी म्हटलं आणि सरळ बोट त्या इवल्याशा फळावर रोखलं. "फूल उमलायच्या आधीच फळ तयार असतं. बाकीचं सगळं नंतर." आणि बोलण्याच्या ओघात तेच बोट हर्षाच्या पोटाकडे नेलं. "हेही असंच."

अमोल हसला. हर्षाही हसली. मनकर्णा फरशी पुसत होती, तिचा हात थांबला.

"बोट काहून दाखवलं जी?" ती हळूच म्हणाली. "कोवळ्या फळाले बोट दाखवत नाही. सडते. दाखवाचंच असंल त असं दाखवा." तिनं तर्जनी मधल्या पेरात वाकवली आणि वाकलेलं पेर फळाकडे केलं. "चावा ते बोट. लवकर चावा."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी नरखेडला मामाच्या मळ्यात काकडीच्या वेलापाशी गेलो की आम्हाला आधी हात पाठीमागे घ्यायला लावायचे. पण माझी बत्तीस वर्षं फळ्यावर, तक्त्यावर आणि मागच्या बाकावरच्या मुलींवर बोट रोखण्यात गेली, ते सरळच उठतं. आणि जावई समोर बघतोय, त्यात सासूनं स्वतःचं बोट चावायचं?

"चाल वं, पुसून घे लवकर," मी म्हटलं. बोट चावलं नाही.

३

तिसऱ्या दिवशी ते फळ टोकाकडून पिवळं पडलं. दाबून बघितलं तर मऊ. पराग नीट लागला नसेल, असं होतं. मी ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि हर्षाला सांगितलं नाही.

हात धुऊन आले तेव्हा कट्ट्याकडे लक्ष गेलं. टमाटरची आठही रोपं आत वाकली होती. खिडकी पाठीमागे, उजेड पाठीमागे आणि शेंडे घराकडे. वर्गाच्या दाराशी कुणी आलं की सगळ्या पोरी माना वळवतात, अगदी तशी.

कुणीतरी कुंड्या फिरवल्या असतील. मनकर्णाला विचारलं. "मी नाही हात लावत जी तुमच्या भेद्र्यायले," ती म्हणाली आणि कट्ट्याकडे न बघता भांड्यांकडे गेली. हर्षाला विचारलं.

"मले वाकता येते का आता?" ती पलंगावरूनच म्हणाली.

मग मी माझ्या पद्धतीनं गेले. कुंड्या फिरवून सगळे शेंडे उजेडाकडे केले आणि हर्षाचं लाल नेलपेंट घेऊन प्रत्येक कुंडीला खिडकीच्या बाजूनं एक ठिपका दिला. आता कुणी फिरवलं तर ठिपका सांगेल. संध्याकाळी बघितलं. ठिपके जिथल्या तिथं, खिडकीकडे. शेंडे आत.

कूलरची हवा, मी म्हटलं. होळी झाली की आमच्याकडे कूलर लागतो आणि मग जून उजाडेपर्यंत घरात दुसरा आवाज नसतो. पण कूलर हर्षाच्या खोलीत होता. त्याची हवा पडदा फुगवून कट्ट्याकडे यायची. तिनं रोपांना खिडकीकडे ढकलायला हवं होतं. रोपं हवेच्या उलट वाकली होती, अन् तीही पानं थरथरत असताना.

मी दुपारी फार वेळ त्यांच्याकडे बघत बसायला लागले. नागपूरची दुपार ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. दारं-खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा ओला वास येतो आणि पाणी टपकत राहतं. अर्धं जागं, अर्धं झोपेत असा सगळा वेळ. डोळा लागला की वाटायचं मी वर्गात आहे, मुलींची पाठ माझ्याकडे आहे आणि त्या सगळ्या दाराकडे बघतायत. मी डस्टर आपटते, तरी कुणी वळत नाही. जाग आली की समोर ती आठ रोपं असायची.

४

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला. "वाढ थोडी मागे आहे," त्या म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही. आराम करा, डाव्या कुशीवर झोपा, बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवा."

ऑटोत हर्षा बाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मागच्या वेळी पुण्याच्या डॉक्टरपण असंच म्हणाल्या होत्या, आई. घाबरायचं कारण नाही."

मी तिचा हात धरला. तो गार होता, बेचाळीस डिग्रीत.

घरी आलो तर दुसऱ्या कुंडीतलं झुकिनीचं फळ पिवळं पडलं होतं. त्याच्याकडे मी बोट सोडा, नजरही जपून टाकली होती. त्या दिवशी मी हर्षाला माझ्या खोलीत हलवलं. ती खोली डावीकडे आहे, मधे अख्खी भिंत. तिला म्हटलं, इथं कूलरची हवा थेट लागत नाही. जेवून उठेस्तोवर आठही शेंडे डावीकडे वळले होते. भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी मी रोपं गच्चीवर नेली, चार खेपा केल्या, जुनी हिरवी जाळी वर बांधली. माकडांनी खाल्ली असती तर बरंच झालं असतं. तिथं चारी बाजूंनी उजेड, वर आभाळ. संध्याकाळी गेले तर माकडांनी एका पानाला हात लावला नव्हता. आणि रोपं खाली वाकली होती. आठही, स्लॅबकडे, मधल्या एकाच जागेकडे, नाक लावून काही वास घ्यावा तशी. त्या जागेखाली काय येतं ते मी कठड्यापासून पावलं मोजून काढलं. माझा पलंग येत होता. हर्षा त्यावर झोपली होती.

मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग आला. मी पहिलं रोप बुंध्याशी धरलं आणि ओढलं. बारीक मुळं तुटण्याचा आवाज येतो, तो ऐकू आला, आणि त्याच वेळी खालून हर्षाची हाक. मी जिन्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. ती पोटाला हात लावून उठून बसली होती.

"काही नाही वं आई. आतून कुणी ओढल्यासारखं झालं. गेलं आता."

मी परत वर गेले आणि ते रोप दोन्ही हातांनी मातीत दाबून बसवलं. पाणी घातलं. योगायोग असतो. उचकी लागली म्हणून कुणी आठवण काढलेली नसते. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत एक एक कुंडी, मूल उचलावं तशी, छातीशी धरून खाली आणली. हर्षालाही परत तिच्या खोलीत नेलं. कुठं नेलं तरी तेच होतं.

सकाळी मनकर्णाला ओट्यापाशी गाठलं. "बोट दाखवलं मी," मी म्हटलं. "त्या दिवशी. आता काय करू?"

तिनं नळ बंद केला. माझ्याकडे बघून तिला वाईट वाटलं असावं, कारण ती हसली नाही.

"मले काय माहीत जी. आमच्याकडे माणूस वेलाले बोट दाखवते, काकडी सडते, झालं. वेलानं माणसाकडे पाहिलेलं मी कधी ऐकलं नाही." तिनं पदराला हात पुसले. "बोट त तुमचंच होतं ना."

एवढंच म्हणाली. मग नळ पुन्हा सुरू केला.

५

तिसऱ्या झुकिनीला एकच फळ उरलं होतं. फूल गळलेलं, फळ हिरवं, चकचकीत, बोटभर. त्या दुपारी त्याच्या टोकाला मला पिवळसर झाक दिसली. पडद्याचा रंग पडला असेल म्हणून पडदा सरकवला. झाक तशीच होती.

आत हर्षा झोपली होती. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. तिनं ते मला सांगितलं नव्हतं, मीच तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं. पाचला डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. तीन वाजले होते. खिडकीचा पडदा मी पुन्हा ओढला आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून बरोबर मधे ठेवली, कट्टा आणि हर्षाचं दार यांच्या मधे. पाठ दाराकडे, तोंड रोपांकडे. म्हटलं, बघायचंच आहे ना, मग माझ्यातून बघा.

कूलर घरघरत होता. ताटीतलं पाणी टप टप. पेंग येत होती, म्हणून जे दिसलं त्याची मी हमी देत नाही.

पडद्यातून येणारा उजेड मंद होता, सावलीच पडू नये इतका. तरी सावल्या होत्या. कट्ट्यामागच्या भिंतीवर, खिडकीच्या काचेखाली, आठ सावल्या, पानं मोजता यावीत इतक्या स्वच्छ. सावली उजेडाच्या उलट बाजूला पडते, सहावीचा धडा. म्हणजे उजेड माझ्या पाठीमागे होता. हर्षाच्या पडद्याआड.

मी वळून बघितलं नाही. मी भिंतीवर माझी सावली शोधली. मी मधेच तर बसले होते, खुर्चीसकट. ती नव्हती.

मी त्यांच्या वाटेत आलेच नव्हते. मला ते तेव्हा इतकं सरळ कळलं की भीतीसुद्धा वाटली नाही. नुसतं मधे बसून कुणी बघत नाही. बत्तीस वर्षांत एकही वर्ग नुसतं उभं राहिल्यानं माझ्याकडे वळला नव्हता. सांगावं लागतं.

मी बोट उचललं. सरळ. ते वळवून स्वतःच्या छातीवर ठेवलं, बाही जिथं सुरू होते तिथून जरा आत, आणि शाळेत म्हणायचे तसंच म्हटलं, आवाज न चढवता.

"मुलींनो, लक्ष इकडे."

कूलरची मोटर अडखळली, लाइट कमी-जास्त झाल्यावर अडखळते तशी. भिंतीवर काहीतरी गडद होत गेलं, खांदे, खुर्चीची पाठ, माझा अंबाडा. शेंडे हलताना मी पाहिले की नाही, सांगता यायचं नाही. पाठीला ऊब लागत होती ती थांबली एवढं आठवतं, आणि मग तीच ऊब बोटाखाली आली, आतून.

बोट चावायचं मला या वेळी आठवलं होतं. मी ते मुद्दाम चावलं नाही.

"आई," आतून हर्षाचा आवाज आला. झोपेतला, घोगरा. "आई, लाथ मारली वं. दोनदा मारली."

मी खुर्चीतच रडले. कूलरच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसावं.

६

मुलगी झाली, मेच्या अखेरीस, पावणेतीन किलोची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं का? बाळाचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा मी हर्षाचा हात धरून होते. त्या क्षणाचं मोल मला कुणी समजावून सांगायला नको.

तिसरं फळ सडलं नाही. वीतभर झाल्यावर मनकर्णानं त्याची चण्याची डाळ घालून भाजी केली आणि हर्षानं दोन वेळा मागून खाल्ली. मी घेतली नाही.

टमाटर लागलीत, लहान लहान, लाल. मी अजून रोज सकाळी शेंड्यांवरून हात फिरवते. कुंड्या मात्र फिरवत नाही, उपयोग नसतो. मी स्वयंपाकघरात असले की शेंडे स्वयंपाकघराकडे, अंगणात गेले की खिडकीकडे. तेवढ्यापुरती ती इतरांच्या रोपांसारखी दिसतात आणि शेजारच्या उत्तराताई म्हणतात, काय छान उजेडाला आलीत हो तुमची रोपं. माझे ब्लाउज सैल झालेत. दोनदा आत शिवून घेतले. मनकर्णा म्हणते, उन्हाळा बाधला. उन्हाळाच असेल. छातीवर, बोट ठेवलं होतं त्या जागी, एक रुपयाएवढा डाग आहे, पिवळसर. दाबला की मऊ लागतो. मी कुणाला दाखवलेला नाही.

काल सव्वा महिना झाला. सकाळी मी कट्ट्यापाशी खुर्चीत बसले होते, हातात कप, आणि हर्षा बाळाला खांद्याशी धरून दारात आली. न्हाऊन केस मोकळे, तोंडावर अशी काही शांतता की बघत राहावं.

"आजी कुठं हाय?" ती बाळाला म्हणाली. "ते पाह्य, आजी."

आणि मला दाखवायला तिनं हात उचलला. तर्जनी मधल्या पेरात वाकवलेली होती.

मनकर्णानं शिकवलं असेल. किंवा तिनं सगळं केव्हाच ओळखलं असेल, पोरगी पहिल्यापासून कमी बोलते. मी विचारलं नाही. बाळानं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कप खाली ठेवला आणि तिला घ्यायला दोन्ही हात पुढे केले, बोटं मिटून.